घरात पुरुष नाही

मिलवॉकी, ७ फेब्रुवारी २०१६

बाबा,

तुमचा पत्ता लोरेटा आत्याने दिला. "पाठव, पण उत्तराची वाट बघू नकोस," म्हणाली. "दिवसभर मासे सोलून आल्यावर त्याला चमचा धरवत नाही, पेन कुठलं धरतोय." ठीक आहे, वाट बघणार नाही. लिहीन मात्र.

पदवीचा फोटो मागेच पाठवला होता. समारंभाचे दोन पास मिळाले होते. एकावर आई आली.

मला नोकरी लागली आहे, सरकारी. दर महिन्याला एक आठवडा मी घरोघर जाते आणि विचारते: गेल्या आठवड्यात काम केलंत का? नसेल, तर गेल्या चार आठवड्यांत शोधलंत का? नसेल, तर का नाही? बेरोजगारीचा जो आकडा दर महिन्याला रेडिओवर सांगतात, तो अशाच उत्तरांमधून निघतो. एका घरी सलग चार महिने जायचं, मग आठ महिने अजिबात नाही, मग पुन्हा चार महिने. पहिल्या दिवशी हात वर करून शपथ घेतली की घरात जे ऐकेन ते मरेपर्यंत बाहेर सांगणार नाही. मोडली तर तुरुंग. म्हणून या पत्रांत मी नावं बदलून लिहिणार आहे.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की आपले काळे पुरुष मोजणीतून गळतात. तुरुंगातले मोजतच नाहीत, आणि जे घरात आहेत त्यांना घरचेच लपवतात. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी कोणी काही करत नाही. मला ती नोंद करायची आहे. हसू नका.

पहिलंच घर लिंडन कोर्ट या सरकारी भाड्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट वर्षभर बंद. दार उघडलं मिस अर्नेस्टाइननी, वय शहात्तर, हातात काठी.

"घरात कोण कोण राहतं?"

"मी एकटी. पुरुष नाही कोणी."

मी पुरुषाचं विचारलंच नव्हतं. आत स्वयंपाकघरात केस कापायचं मशीन चालू होतं.

"मग ते काय वाजतंय?"

"फ्रिज."

मशीन थांबलं आणि कोणीतरी खोकलं.

"फ्रिजला सर्दी झालेली दिसते," मी म्हटलं.

म्हातारी काठीवर रेलून हसायला लागली. मग हसू आवरून म्हणाली, "पोरी, भाडेपत्रावर माझं एकटीचं नाव आहे. माझ्या नातवावर आठ वर्षांपूर्वीची शिक्षा आहे. तो इथे राहतो हे घरांच्या कचेरीला कळलं तर मला सामानासकट फुटपाथवर काढतील. तू कोणाची?"

"डोरिस फेल्प्सची मुलगी."

"सेंटर स्ट्रीटची डोरिस? जिचा नवरा..." एवढं म्हणून ती थांबली. मला आत घेतलं.

मी तिला समजावलं की आमच्या नोंदी घरांच्या कचेरीलाच काय, कोर्टालाही मिळत नाहीत. अर्ध्या तासाने तिने नातवाचं नाव सांगितलं. एक माणूस मोजणीत आला, बाबा. मी खाली उतरले तेव्हा मला पंख फुटले होते.

रोशेल


२० मार्च २०१६

बाबा,

नातवाला मी लव्हेल म्हणते. एकतीस वर्षांचा. मला 'सरकार' म्हणतो. "या सरकार, बसा सरकार, खुर्चीचा एक पाय सैल आहे, देशासारखाच."

आज त्याला विचारलं, काम का शोधत नाही. उत्तरं नोंदवायच्या यंत्रात कारणांची यादी आहे आणि त्यातलं एकच निवडायचं असतं.

"एकच?" तो म्हणाला. "बरं, लिहा. अर्जावर 'शिक्षा झाली होती का' असा चौकोन असतो. तो भरला की फोन येत नाही. रिकामा ठेवला, तर कामावर घेतात आणि सहा आठवड्यांनी कळलं की काढतात. दोनदा काढलंय. हे एक."

"हे चालेल."

"थांबा की. गोदामं सगळी शहराबाहेर गेली. तिकडे जाणारी बस बंद झाली. लायसन्स नाही. ही दोन, का तीन? गुडघा ओतकामाच्या कारखान्यात गेला, तो कारखाना पण गेला, गुडघा तेवढा राहिला."

"लव्हेल, तिला छळू नको," मिस अर्नेस्टाइन आतून म्हणाल्या.

"आणि ही. मंगळवार, गुरुवार, शनिवार हिचं डायलिसिस. पहाटे पाचला गाडी फाटकाशी येते, ड्रायव्हर वर येत नाही. अडतीस पायऱ्या. मी उचलून नेतो, दुपारी उचलून आणतो. असा कोणता मालक आहे जो म्हणेल, जा लव्हेल, आजीला उचलून ये, आम्ही थांबतो?"

मी 'घरच्यांची काळजी' हा पर्याय निवडला. त्याने वाकून पडद्यावर बघितलं.

"बाकीची कारणं कुठे जातात?"

"कुठे जात नाहीत."

"म्हणजे माझ्यासारखीच," म्हणाला, आणि स्वतःच हसला.

गंमत म्हणजे गेल्या महिन्यात शेजारच्या दोघांचे केस कापून त्याने पैसे घेतले होते. आठवड्यात एक तास पैशासाठी काम केलं तरी आमच्या हिशेबी माणूस कामावर असतो. म्हणून फेब्रुवारीत तो कामावर होता. या महिन्यात काम नाही आणि शोधतही नाही, म्हणून तो बेरोजगारसुद्धा नाही. कोणीच नाही. आमच्या भागातला आकडा खाली आला म्हणून आमच्या कचेरीत केक कापला. मीही खाल्ला.

तुम्ही ओतकाम सोडल्यावर घरी होतात, ती दोन वर्षं आठवली. तुमच्याकडे किती कारणं होती, ते कधी कोणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं?

त्यानंतरच्या गोष्टीबद्दल आज लिहीत नाही.

रोशेल


२२ मे २०१६

बाबा,

चौथी भेट झाली. आता आठ महिने मी त्या घरी जाणार नाही, नियमच आहे.

नदीच्या खोऱ्यात, कारखान्यांच्या भागात, वेल्डिंगची नवी शाळा निघाली आहे. सोळा आठवडे, शिकताना पगार, आणि अर्जावर तो चौकोन नाही. शिवाय वर्ग दुपारी तीननंतर, म्हणजे आजीला वर आणून पोचता येईल. मी माहितीपत्रक घेऊन गेले होते. खरं तर तेही आम्हाला करायचं नसतं.

लव्हेलने ते वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून मला परत दिलं.

"नाव लिहायचं म्हणजे पत्ता लिहायचा."

"मग लिहा ना."

"कोणता? सरकार, मी कुठेच राहत नाही. माझं नाव कुठेही लिहू नका. तुमच्या त्या डब्यात लिहिलंत, आजीने ऐकलं तुमचं, ठीक. पण तेवढंच."

"तुम्हाला काम नकोच आहे," मी म्हटलं.

असं बोलायला नको होतं. तो खुर्ची उचलून तिचा सैल पाय ठोकत बसला. मिस अर्नेस्टाइन म्हणाल्या, "पोरी, तू खूप शिकलीस. आता घरी जा."

जिना उतरताना मला रडू येत होतं. ही हरलेल्या माणसाची भाषा आहे, असं वाटलं. इतकी दारं तोंडावर आपटल्यावर उघडं दारही माणसाला भिंत वाटतं, असं काहीतरी मी वहीत लिहूनही ठेवलं.

यापुढे काय केलं ते सांगितलं तर तुम्हाला आवडेल असं वाटतं. पण थोडे दिवस थांबते. चांगली बातमी पुरती झाल्यावरच सांगावी.

रोशेल


११ सप्टेंबर २०१६

बाबा,

आईला गुडघ्याचा पट्टा घेतला. मला कायम केलं. आत्या म्हणाली तुम्ही पत्रं उघडता, पण वाचताना बाहेर जाऊन बसता. एवढं पुष्कळ आहे.

मे महिन्यात मी लव्हेलचा अर्ज माझ्या हाताने भरून वेल्डिंगच्या शाळेत दिला. नाव, वय, पत्ता, सगळं. त्याच्या अनुभवाबद्दल दोन ओळी जास्तच चांगल्या लिहिल्या. माहिती आमच्या नोंदीतली होती, म्हणजे शपथ मोडली. पण एका माणसाचं आयुष्य मार्गी लागत असेल तर शपथ कशासाठी असते? शाळेत फोन करून विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं, त्या बॅचच्या सगळ्यांना पत्रं गेली आहेत. तो आता शिकत असेल, लवकरच बाहेरही पडेल.

फेब्रुवारीत भेटेन तेव्हा तो मला काय म्हणेल याचा मी रोज विचार करते. थोडी रागावल्यासारखी करीन, मग हसेन.

रोशेल


१२ फेब्रुवारी २०१७

बाबा,

दार मिस अर्नेस्टाइननीच उघडलं. साखळी काढली नाही.

"घरात पुरुष नाही," म्हणाल्या.

मी हसले. वाटलं, गेल्या वर्षीचीच थट्टा. मग त्यांचा चेहरा नीट दिसला. निम्म्या झाल्या होत्या.

त्यांनी फटीतूनच सांगितलं. जूनमध्ये लव्हेलच्या नावाने लिंडन कोर्टच्या पत्त्यावर पत्र आलं. तिथली टपाल पेटी एकच, खाली भिंतीत, आणि किल्ली व्यवस्थापक हॅस्लमकडे. त्याने पत्र वर दिलंच नाही. फोडलंही नाही. पाकिटावरचं नाव आणि खोली नंबर पुरेसा होता. पाकीट फाइलला लावलं आणि मिस अर्नेस्टाइनना नोटीस काढली: भाडेपत्रात नसलेला माणूस राहतो. लव्हेल त्याच संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन गेला, म्हणून तेव्हा प्रकरण थांबलं.

"आता कुठे राहतो?"

"चुलतभावाच्या गाडीत. गाडी चालत नाही, दारं तेवढी लागतात." मग म्हणाल्या, "पण तीन दिवस येतो. पहाटे येतो, मला खाली नेतो. जानेवारीत हॅस्लमने त्याला जिन्यात पाहिलं. परत नोटीस आली. तेरा मार्चला सुनावणी आहे. जून ते जानेवारी, दोन्ही जोडून दाखवणार आहेत."

"ते पत्र कोणी..." मी म्हटलं.

"लव्हेल म्हणतो, त्याने कुठे अर्ज केलाच नाही. मला वाटतं लाजतोय. मी त्याला म्हटलं, बाळा, काम मागितलंस यात लाजायचं काय? तो माझ्यावरच ओरडला. जन्मात पहिल्यांदा."

मी तिथे उभी होते आणि सांगितलं नाही. कमरेला पट्ट्याने बांधलेलं यंत्र घेऊन उभी होते. त्यात प्रश्न होता: मागच्या वेळी नोंदवलेली व्यक्ती अजून इथे राहते का? मी 'नाही' लिहिलं. यंत्राने त्याचं नाव पुसलं आणि पुढचा प्रश्न दाखवला.

रोशेल


१२ मार्च २०१७

बाबा,

उद्या सुनावणी आहे. त्याआधी तुम्हाला जे चौदा वर्षं लिहिलं नाही ते लिहिते.

मी नऊ वर्षांची होते. आपल्याही भाडेपत्रावर तुमचं नाव नव्हतं; घरांच्या कचेरीची बाई तपासणीला येणार म्हणून आईने तुमचे बूट ओव्हनमध्ये ठेवले होते आणि तुमचा दाढीचा ब्रश पिठाच्या डब्यात. तुम्ही मागच्या गल्लीत उभे होतात. आईने मला सांगितलं होतं, विचारलं तर म्हण, बाबा नसतात इथे. त्याच रविवारी चर्चमध्ये मला खोटं न बोलण्याबद्दल पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं.

बाईने पुरुषाचं विचारलंच नाही. तिने विचारलं, "सकाळी वेणी कोण घालतं तुझी?"

मी म्हटलं, "बाबा. आईपेक्षा चांगली घालतात."

मला तेव्हा वाटलं की मी तुमचं कौतुक केलं. तुम्ही त्या रात्री आत्याकडे निघालात. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलात. मला कोणी रागावलं नाही. आई एवढंच म्हणाली, "तिने खरं सांगितलं, तिला काही बोलायचं नाही." मी खरं बोलणारी मुलगी म्हणून मोठी झाले. शाळेने, चर्चने, कॉलेजने, सगळ्यांनी मला त्याचीच शाबासकी दिली. मला एकदा तरी कोणीतरी ओरडायला हवं होतं.

मी काल लव्हेलला शोधून काढलं. फॉन ड्यू लॅक अव्हेन्यूवर, टायरच्या दुकानामागे, त्या गाडीशी. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी तुम्हाला नाही म्हणालो होतो."

"हो."

तो म्हणाला, "मी स्पष्ट नाही म्हणालो होतो. तुम्हाला ते ऐकूच आलं नाही. पोलिसांना नाही येत, मालकाला नाही येत. तुमच्याकडून वाटलं होतं."

मी म्हटलं, सुनावणीला मी येते, साक्ष देते.

"काय सांगणार? खरं?"

खरं सांगितलं तर मिस अर्नेस्टाइन रस्त्यावर. तो गेल्या वर्षी तिथे राहत होता, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. आणि पत्ता माझ्या हातचा आहे असं सांगितलं, तर तो मला कुठून मिळाला हे विचारतील. मग नोकरी गेली, आणि कदाचित त्याहून जास्त.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिने आजच शेजारणीला सांगितलं की रोशेलला आता पेन्शनसुद्धा लागू झालं.

रोशेल


१९ मार्च २०१७

बाबा,

लव्हेल आजीला उचलून घरांच्या कचेरीत घेऊन आला आणि बाहेर बाकावर बसला. आत सुनावणीच्या बाई, हॅस्लम, मिस अर्नेस्टाइन आणि मी.

मी हात वर करून शपथ घेतली. मग म्हटलं की हा माणूस लिंडन कोर्टमध्ये कधी राहत नव्हता. तो आजीला बघायला येतो. अर्ज मी भरला, त्याला न विचारता. त्याचा पत्ता माहीत नव्हता म्हणून आजीचा टाकला.

"आजीचा पत्ता तुम्हाला कसा मिळाला?"

"मी तिथे सर्वेक्षणाला जात होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"हो."

हॅस्लमने फाइलमधून पाकीट काढलं. पुरावा म्हणून ते आता तिथेच फोडलं, आणि बाईंनी वाचलं. लव्हेलला जागा मिळाली होती. एकवीस जूनपासून. पगारासह. 'येणार की नाही ते दहा दिवसांत कळवावे.' बाईंनी ते जरा हळू आवाजात वाचलं, पण दार उघडं होतं. बाहेरचा बाक दारालगतच होता.

निकाल तिथेच दिला. मिस अर्नेस्टाइन यांचं घर राहील. मात्र वाद पुन्हा नको म्हणून लव्हेलने लिंडन कोर्टच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर घुसखोरी, आणि घर गेलं. त्याला आत बोलावून सही घेतली. त्याने कागद न वाचता सही केली आणि विचारलं, "उद्या मंगळवार. तिला खाली कोण आणणार?"

बाई म्हणाल्या, तो या सुनावणीचा विषय नाही.

मिस अर्नेस्टाइन बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छान खोटं बोललीस." त्यात आभार होते की दुसरं काही, मला सांगता येत नाही. पत्र कोणामुळे आलं ते त्यांनी आत ऐकलंच होतं.

दुसऱ्या दिवशी माझं यंत्र आणि ओळखपत्र माझ्या कचेरीने काढून घेतलं. पुढची कारवाई वकील ठरवतील. आईने दार लावून घेतलं आहे. मी दारापलीकडून तिला जेवायला हाक मारते, ती म्हणते भूक नाही.

रोशेल


९ एप्रिल २०१७

बाबा,

मी आता मंगळवार, गुरुवार आणि शनिवार पहाटे साडेचारला लिंडन कोर्टला जाते. मिस अर्नेस्टाइन वजनाने फार नाहीत, पण मला त्यांना एका दमात नेता येत नाही. प्रत्येक मजल्यावर पायरीवर टेकवते. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मानेला धरतात, तेवढंच. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर माझा पाय घसरला आणि त्यांची टाच कठड्याला लागून सोलली. साखरेचं दुखणं असलेल्या माणसाची टाच. ती जखम अजून बुजलेली नाही आणि डॉक्टरांनी बघून तोंड वाकडं केलं.

लव्हेल फाटकाबाहेर फुटपाथवर उभा असतो. फुटपाथ शहराचा आहे, आवारात येत नाही. फाटकाच्या रेघेवर मी त्यांना त्याच्या हातात देते आणि तो गाडीत बसवतो. दुपारी उलट.

गुरुवारी मी वर निघाले तेव्हा तो पहिल्यांदाच बोलला. त्या सुनावणीनंतर पहिल्यांदा.

"उतरताना तिला छातीशी धरू नका. तुम्हाला पुढची पायरी दिसत नाही. पाठीवर घ्या. तिचे हात तुमच्या गळ्यात, तुमचा एक हात कठड्याला. वळणावर थांबा, तिला श्वास लागतो, ती सांगणार नाही."

मी म्हटलं, बरं.

"आणि खालून अकरावी पायरी फुटकी आहे."

मग तो रस्ता ओलांडून निघून गेला. काल मी त्यांना पाठीवर घेतलं. वळणावर थांबले. त्यांना खरंच श्वास लागला होता.

या महिन्याचा आकडा परवा रेडिओवर सांगितला. पुन्हा खाली आला आहे.

रोशेल